खळ दिलेली टोपी

मित्रांनो, मला उचलायचं असेल तर आधी कंबर कसा, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नका. मी मोटारी चमकवणारी जुनी पॉलिश मशीन आहे आणि म्हातारपणानं माझं वजन काही कमी झालेलं नाही. पुढे लोखंडी तोंड, त्यावर फिरणारी चकती, चकतीवर रबराची जाड गादी आणि गादीवर लोकरीची टोपी, असा माझा थाट. मागे एक मूठ, बाजूला दुसरी. बटण दाबलं की मी एकाच वेगानं भणाणत सुटते. हळू फिर म्हणाल तर ते मला जमत नाही, माझी घडणच तशी नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा कारखान्यात झाला. गावाचं नाव माझ्या अंगावर पितळी पट्टीवर कोरलेलं होतं, पण ती पट्टी कुण्या हौशी माणसानं काढून नेली. बोटीनं आले, रेल्वेनं आले आणि कामठीच्या छावणीत मोठ्या साहेबांच्या मोटारींवर फिरू लागले. तिथल्या माणसांचे हात दणकट होते. मी कितीही उसळले तरी ते मला सोडत नसत. माझं कौतुक व्हायचं, मला वेळेवर तेल मिळायचं, आणि खरं सांगते, मला जरा गर्वच चढला होता. मग छावणीत नवी यंत्रं आली, माझा लिलाव झाला आणि मी नागपुरात गड्डीगोदामला बाबूलाल नावाच्या जुन्या सामानाच्या दुकानदाराच्या फळीवर येऊन पडले.

त्या फळीवर माझ्या शेजारी एक लहानशी मशीन होती. हलकी, हळू फिरणारी, आवाजही बेताचा. मी तिला मनातल्या मनात मिळमिळीत म्हणायची. गिऱ्हाईक आलं की मला वाटायचं, मला सोडून हिला कोण घेणार?

एकोणीसशे एकोणसत्तर साल असावं. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक निघून गेली आणि चारआठ दिवसांत दोन माणसं दुकानात आली. एक नत्थूजी. घाट रोडवर त्यांची मोटारी रंगवायची शेड होती आणि त्यांच्या नखांतला रंग कधीच निघत नसे. दुसरे बाबनराव, तांडापेठेतले विणकर. ते उजवा पाय जपून टाकत होते. बोलता बोलता हात छातीवरच्या खिशाकडे जायचा, खिशात बिडी नाही हे आठवायचं आणि हात खाली यायचा.

त्यांची हकीकत नत्थूजींनी बाबूलालला सांगितली ती मी ऐकली. बाबनरावांच्या घरी खड्ड्याचा माग होता. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि खाली पायानं पावड्या दाबतो, तसला. जन्म त्या खड्ड्यात गेला. त्यात बिडीवर बिडी. पायाच्या नसा आखडत चालल्या, अंगठा निळा पडू लागला, चार पावलं चाललं की पोटरीत गोळा यायचा. धंतोलीच्या एका डॉक्टरांनी त्यांना बजावून सांगितलं होतं, खड्डा सोडा आणि बिडी सोडा, नाहीतर पाय सोडावा लागेल. उभ्यानं, हिंडत-फिरत करता येईल असं काम शोधा, असंही ते म्हणाले होते. म्हणून बालपणीचे दोस्त नत्थूजी त्यांना आपल्या शेडमध्ये मोटारीची पॉलिश शिकवणार होते. मित्रांनो, म्हणजे बाबनराव मशीन घ्यायला आले होते ते एका परीनं पाय वाचवायला आले होते. हे तुम्ही ध्यानात ठेवा.

नत्थूजींनी त्या लहान मशीनवर बोट ठेवलं. "शिकणाऱ्यानं हलकी अन् हळू फिरणारी मशीन घ्यावं गा बाबन. ही मोठी रंग खाऊन टाकते. तुले समजायच्या आत खालचा पत्रा दिसते."

बाबनरावांनी तिला उचललं, तोललं आणि खाली ठेवलं. मग मला उचललं. माझं वजन हातात येताच त्यांचा चेहरा खुलला. "हलक्या फणीचा ठोका कधी घट्ट बसते का, नत्थूजी?" ते म्हणाले. "कापड झिरझिरीत निघते. मले जडच पाह्यजे."

विणकरच तसं बोलू शकतो. मागावर फणी जड असली की आडवा धागा घट्ट बसतो आणि कापड गच्च होतं, हे त्यांच्या हाडीमाशी रुजलेलं. मोटारीच्या रंगाला ठोका नको असतो, हे त्यांना कुणी आणि कसं सांगावं? नत्थूजींनी डोक्याला हात लावला. मी मात्र फुशारले. लहान मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

टोपीच्या बाबतीत मात्र बाबनराव चुकले नाहीत. बाबूलालनं तीन प्रकार पुढे टाकले. एक नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची कडक चकती, एक जाड सुती कापडाची आणि एक मेंढीच्या लोकरीची. बाबनरावांनी डोळे मिटून तिन्हींवरून आधी तळवा फिरवला, मग मनगटाची आतली बाजू, मग गाल. लोकरीची टोपी गालाला लावली आणि म्हणाले, हीच. शिकणाऱ्यानं कडक चकती घेतली तर ती रंग ओरबाडते, मऊ लोकर चुका पोटात घालते. नत्थूजींनीही मान डोलावली.

घाट रोडच्या शेडमध्ये आमची शिकवणी सुरू झाली. नत्थूजींनी एका भंगार मोटारीच्या डिक्कीचा पत्रा रंगवून टेबलावर ठेवला होता. त्यावर रंग घासून गुळगुळीत करणारी, बारीक कणांची रबिंगची पेस्ट लावायची, पाण्याचा हात फिरवायचा आणि मला चालवायचं. पहिल्या दिवशी मी बाबनरावांना असं ओढलं की ते टेबलाला जाऊन धडकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकाच जागी धरून ठेवलं आणि मी रंगाला भोक पाडून मोकळी झाले. पत्र्याच्या कडेवर तर मी चवताळायची. नत्थूजी ओरडत, दाबू नको, थांबू नको, कडेवर चढू नको. नाकी नऊ आणले मी त्या माणसाच्या. पण विणकराचे हात होते ते. धागा तुटायच्या आधी ज्यांना कळतो, त्यांना हळूहळू मीही कळले. महिन्या-दोन महिन्यांत मी पत्र्यावरून सरळ रांगेत जाऊ-येऊ लागले आणि त्यात नत्थूजींचा चेहरा दिसू लागला. मुख्य म्हणजे बाबनरावांचा अंगठा निळ्याचा लाल झाला होता. ते शेडपासून चौकापर्यंत न थांबता चालून येत.

संध्याकाळी ते मला घरी आणत. खोलीच्या एका कोपऱ्यात मी आणि मधोमध पोत्यांनी झाकलेला माग. त्यांची बायको चंद्रकलाबाई रोज माझी टोपी धुवून दोरीवर वाळत टाकायच्या. पूर्वी त्यांचं काम सुताला खळ द्यायचं होतं. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज. विणण्याआधी गल्लीत उभं सूत लांबच लांब ताणून बांधतात, त्यावर खळ लावतात आणि कुंच्यानं विंचरतात. मग धाग्याचे तंतू बसतात, धागा गुळगुळीत होतो आणि मागावर तुटत नाही. चंद्रकलाबाईंच्या खळीचं तांडापेठेत नाव होतं. माग बंद झाला तसा त्यांचा कुंचा खुंटीला लागला. शेजारच्या बाया गल्लीत सूत विंचरत असायच्या आणि या दारात उभ्या राहून नुसत्या बघायच्या. मला त्यांची दया यायची.

इकडे नव्या टोपीची लोकर झडत होती. बाबनरावांच्या डोळ्यांत जायची, नाकात जायची, पॉलिश केलेल्या पत्र्यावर बसायची. ते घरी येऊन कुरकुर करायचे. असं दोनतीनदा झालं आणि एके दिवशी चंद्रकलाबाई म्हणाल्या, "बिना खळीचं सूत तुमी मागावर चढवत नव्हते, तं ही टोपी काहून बिना खळीची चढवून राहिले?"

बाबनराव बघतच राहिले. इतकी सोपी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, असं त्यांना झालं. चंद्रकलाबाईंनी खुंटीवरचा कुंचा काढला. त्या दिवशी त्यांच्या हातांना काय हुरूप आला होता म्हणून सांगू! ज्वारीच्या पिठाची खळ केली, गाळली, टोपीला बोटांनी चोळून लावली आणि कुंच्यानं विंचरून लोकर एका बाजूला बसवली. वाळल्यावर टोपी अशी चापून-चोपून बसली होती की एक तंतू वर नव्हता. बाबनरावांनी तिच्यावरून हात फिरवला आणि बायकोकडे बघून हसले. नवऱ्याच्या नव्या कामात आपलाही हात लागला म्हणून चंद्रकलाबाईंचं काळीज सुपाएवढं झालं. ती टोपी माझ्या तोंडावर बसली तेव्हा मला जरा आवळल्यासारखं वाटलं, पण मला कोण विचारतं?

दुसऱ्याच दिवशी धंतोलीला जायचं होतं. डॉक्टरांनीच बाबनरावांना आपली गाडी दिली होती. शिकलात ना, मग माझ्या गाडीपासून सुरुवात करा, असं ते म्हणाले होते. काळी कुळकुळीत अँबॅसिडर. काळ्या रंगावर पॉलिश करणं म्हणजे परीक्षाच. बाबनराव रात्रभर कूस बदलत होते.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये, सावलीत गाडी उभी होती. व्हरांड्यातून तार ओढून मला लावलं. बाबनरावांनी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. पेस्ट थोडी, पाण्याचा हात बेताचा, दाब नाही, कडा सांभाळून. लोकर एवढीशीही उडाली नाही. दुपारपर्यंत गाडीचं तोंड आरशासारखं झालं. व्हरांड्यात बसलेले, कुठून कुठून आलेले पेशंटसुद्धा कौतुकानं बघत होते. डॉक्टर आत ऑपरेशनमध्ये होते. बाबनरावांनी ड्रायव्हर लहानूला गाडी दाखवली, मला खांद्यावर टाकलं आणि घरी आले. त्या संध्याकाळी घरात गोडधोड झालं.

पण मित्रांनो, सावलीत काय दिसतं? काळ्या रंगाचं खरं-खोटं उन्हात कळतं.

एक दिवस मध्ये गेला. लहानू काही कामानं इतवारीत चालला होता, तो वाटेत तांडापेठेत थांबला. गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भर उन्हात उभी केली. मी दाराशीच होते, मला सगळं दिसलं. बोनेटभर, टपभर गोल गोल बारीक रेघांचं जाळं. कोळ्यानं विणावं तसं. जिथे जिथे मी फिरले होते तिथे तिथे ते होतं. लहानू म्हणाला, "साहेबांनी बोलावलं तुमाले, आज संध्याकाळी. अन् हे पाहा, काय करून ठेवलं तुमी बोनेटचं." एवढं बोलून तो आपल्या कामाला निघून गेला.

गल्लीत सूत ताणलेलं होतं. कुंचे हातात घेतलेल्या बाया थांबल्या, शेजारचे विणकर बाहेर आले. बाबनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या डॉक्टरांनी पायाचं सांगितलं, विश्वासानं गाडी दिली, त्यांच्याच गाडीची अशी दशा. संध्याकाळी ते सदरा घालून निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. उद्या जातो म्हणाले. उद्या आला तसा गेला. मग त्यांनी धंतोलीचं नावच काढलं नाही, घाट रोडचंही नाही.

चंद्रकलाबाई टोपी धुवायला बसल्या तेव्हा त्यांना तिच्यात काहीतरी टोचलं. त्यांनी ती आपल्या हातावर घासून पाहिली. कातडीवर लाल ओरखडे उठले. पाणी लागल्यावर खळ चिकट झाली होती, फिरता फिरता तापून पुन्हा वाळली होती आणि रबिंगचे कण तिच्यात रुतून बसले होते. मऊ लोकरीची काटेरी घासणी झाली होती. बाई टोपी घेऊन उठल्या. त्या तशाच ओल्या हातांनी नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या हातानं नाही झालं हे. माह्या खळीनं झालं."

बाबनरावांनी मान हलवली. "खळीनं सूत सुधारते वं, बिघडत नाही. माह्या बापानं अन् आज्यानं खळीवर संसार केला. तू मले समजावाले बोलून राहिली. माहा हातच बसला नाही, हे खरं आहे."

किती समजावलं त्या माऊलीनं! पण खळ वाईट करते हे विणकराच्या गळी उतरायचं कसं? सूर्य काळा उगवला असं सांगण्यासारखंच ते. ती टोपी हातात घ्यायलासुद्धा ते तयार झाले नाहीत. त्यांनी मागावरची पोती काढली, ती माझ्यावर टाकली आणि खड्ड्यात उतरले.

पौषाची थंडी होती. नागपूरची थंडी काय असते ते तुम्हाला माहीत आहे. त्या ओलसर खड्ड्यात ते सकाळपासून अंधार पडेपर्यंत पाय सोडून बसत. खिशात बिडीबंडल परत आलं. पोत्याखाली मला काही दिसत नसे, नुसता मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाज ऐकू यायचा आणि मधूनमधून बिडीचा वास. माझ्या अंगावर गंज धरत होता, त्याचं मला काही वाटलं नाही. मला भीती वाटायची ती आवाज थांबायची. आधी माग सलग चालायचा. मग मध्ये मध्ये थांबू लागला. थांबला की बाबनराव पाय चोळत आहेत हे मी समजायची. चंद्रकलाबाई विनवायच्या, वर या, डॉक्टरांकडे चला. ते म्हणायचे, कोणत्या तोंडानं जाऊ? त्या रडायच्या आणि ते धोटा फेकायला लागायचे. मला हात असते तर मी त्यांना बखोट धरून वर ओढलं असतं.

संक्रांत गेली. एका सकाळी बाईंनी माझ्यावरची पोती फेकून दिली, ती टोपी पदरात बांधली, मला सायकल रिक्षात टाकलं आणि थेट घाट रोडला नत्थूजींच्या शेडमध्ये आणलं. नत्थूजी बाबनरावांवर रुसले होते. न सांगता काम सोडलं म्हणून त्यांनीही इतके दिवस फिरकून पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी चिमटीत धरली, वास घेतला आणि नखानं खळ खरवडून पाहिली. टोपीनं घाण केली, जड मशीननं ती खोल नेली, असं ते म्हणाले. हलकी असती तर वरच्यावर निभावलं असतं. मला ते लागलं, पण खोटं नव्हतं. मग त्यांनी कोरी टोपी घेतली आणि ते बाईंना म्हणाले, चला, आधी गाडी नीट करू, म्हणजे त्याले तोंड दाखवता येईल.

धंतोलीच्या पोर्चमध्ये तीच गाडी उभी होती. नत्थूजींनी आधी गाडी थोडी पुढे घ्यायला लावून उन्हात पाहिली, मग सावलीत घेतली. त्यांनी मला हळुवार चालवलं, मोकळ्या लोकरीनं. जाळं विरत गेलं. पार गेलं नाही, पण शोधल्याशिवाय दिसेना. चंद्रकलाबाई ओल्या फडक्यानं पुसत होत्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडत होता. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. बाईंनी पदर सावरला, हात जोडले आणि खळीपासून सगळं एका दमात सांगून टाकलं.

डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "अहो, मी गाडीसाठी बोलावलं नव्हतं," ते म्हणाले. "पाय तपासायचा होता म्हणून निरोप दिला होता. कुठे आहेत बाबनराव?"

बाईंनी सांगितलं, खड्ड्यात आहेत.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी लहानूला गाडी घेऊन तांडापेठेत पाठवलं. नत्थूजी आणि चंद्रकलाबाई त्याच्यासोबत गेले, मी पोर्चमध्ये राहिले. गाडी परत आली तेव्हा बाबनरावांना दोघांनी धरून उतरवलं. त्यांना उभं राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी व्हरांड्यातल्या बाकावरच पायाचं फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता आणि काळेपणा पावलावर चढला होता. बाबनराव मान खाली घालून पुन्हा पुन्हा गाडीची माफी मागत होते. डॉक्टर त्यांच्या पायाशी खाली बसलेले होते. मग हळूच म्हणाले, "रेघांसाठी कुणी पाय देतं का हो, बाबनराव?"

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मित्रांनो, त्यानंतर मला वाटलं होतं की आता आपण कायमच्या भंगारात जाणार. चंद्रकलाबाई मला बघूनच तोंड फिरवतील, असंही वाटलं. पण पोट कुणाला थांबत नाही. नत्थूजींच्या शेडमध्ये त्या स्वतः उभ्या राहिल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, माझी तार खांद्यावरून मागे टाकलेली. पहिले काही दिवस घाट रोडवरचे मिस्त्री काम टाकून बघायला यायचे. बाईमाणूस अन् मशीन, असं म्हणायचे. माझं वजन बाईंना पेलेना, दंड भरून यायचे. मग बाबनरावांनी कुबड्या घेऊन शेडमध्ये यायला सुरुवात केली आणि एक युक्ती काढली. मागाची फणी वरून टांगलेली असते, विणकर तिला पेलत नाही, नुसती हलवतो. तसं मला त्यांनी शेडच्या आढ्याला दोरीनं टांगलं. वजन दोरीवर आणि हात बाईंचा. तेव्हापासून मी कुणाला ओढलेलं नाही. बाई काम करतात आणि बाबनराव स्टुलावर बसून डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवतात. कुठे कण राहिला, कुठे कड तापली, ते त्यांच्या हाताला कळतं. धंतोलीतल्या कितीतरी गाड्या आमच्याकडे येऊ लागल्या. नाव झालं, कौतुक झालं. पण काम संपवून घरी जायची वेळ झाली की बाबनराव स्टुलावरून उठताना खाली बघतात. सवय आहे, आधी तो नसलेला पाय टेकायला जातात. इतकी वर्षं झाली तरी जातात, आणि ते पाहणं मला अजून सोसत नाही.

माझी काळजी कशी घ्यायची म्हणाल, तर ते सोपं आहे. काम झालं की टोपी साध्या पाण्यानं धुवा, पिळू नका, उलटी वाळवा आणि बोटांनी मोकळी करा. तारेला पीळ पडू देऊ नका. आतल्या मोटरला घासत राहणारे कार्बनचे तुकडे झिजले की मी खरखरते, तेव्हा बाजारातून नवे आणून बसवा. माझे आजवर कितीतरी बदलले आणि मी पुन्हा होते तशी झाले. माणसांचं तसं नाही, म्हणून त्यांना जपा. आपल्या माणसाचं काही बिघडलं असेल आणि तो तोंड लपवून बसला असेल, तर रुसून बसू नका, त्याच्या दारी जा. नत्थूजींनी आपला तो रुसवा मरेपर्यंत मनाला लावून घेतला.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. बंद पडलेल्या मिलमधले रुपराव नावाचे एक गृहस्थ शेडमध्ये आले. त्यांना पॉलिशचं काम सुरू करायचं होतं. मशीन कोणती घेऊ, टोपी कोणती घेऊ, असं विचारत होते. आता बाजारात तऱ्हेतऱ्हेच्या आल्या आहेत, बिचारे पार गोंधळून गेले होते. चंद्रकलाबाईंनी मला बंद केलं. बाबनराव स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाले, "मशीन हलकी घ्या. टोपी मऊ घ्या, मोकळी ठेवा. अन् एखादी गाडी बिघडली तं त्याच दिवशी मालकाच्या दारात जाऊन उभे राहा."

"अन् मालकानं हाकलून देल्लं तं?" रुपरावांनी हसत विचारलं.

"हाकलू द्या," बाबनराव म्हणाले. "आपल्या पायानं वापस येता येते."

रुपरावांची नजर स्टुलाला टेकवलेल्या कुबड्यांकडे गेली. चंद्रकलाबाईंनी पदरानं डोळे पुसले, माझी मूठ धरली आणि आम्ही राहिलेल्या गाडीला लागलो.